अध्यक्षाची निवड आणि येलदरीचा मतदार

२०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन निवडणुका झाल्या. ता. ५ रोजीं अमेरिकेनें आपला राष्ट्राध्यक्ष निवडला आणि ता. २० रोजीं महाराष्ट्रानें आपली विधानसभा निवडली. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत एका घरगुती कामासाठीं आम्हांस परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत, येलदरीस, जावें लागलें. येलदरी हें नांव पूर्णा नदीवरील धरणामुळें मराठवाड्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. १९६८ सालीं हें मातीचें धरण पुरें झालें. त्याच्या पायथ्याशीं वीजघर आहे, आणि तेथून सुटलेलें पाणी खालीं सिद्धेश्वरच्या धरणांत अडवून कालव्यांनीं शेतांस पुरविलें जातें. काम आटोपल्यावर जिंतूरच्या गाडीची वाट पाहत आम्ही रस्त्याकडेच्या एका हॉटेलांत चहा घेत बसलों होतों. आमच्या भागांत दोन बांकें व एक शेगडी असली कीं तें हॉटेल होतें, हें पुण्यामुंबईच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

शेजारीं पलीकडल्या एका खेड्यांतले एक वृद्ध शेतकरी बसले होते. आम्ही कॉलेजांत इतिहास शिकवितों हें कळल्यावर त्यांनीं विचारलें, "सर, तिकडं अमेरिकेत जास्ती मतं पडली तोच आला न्हाई का?"

आम्ही म्हणालों, "होय मामा, या खेपेला तोच आला."

"या खेपेला म्हंजी? एरवी दुसराच येतो का काय?"

हॉटेलांतील मंडळी हंसली. आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें, पण तीस वर्षें जो विषय वर्गांत शिकविला त्याचें सरळ उत्तर चार वाक्यांत देतां येऊं नये याची आमची आम्हांसच लाज वाटली. पुढील विवेचन हें त्या प्रश्नाचें थोडें सविस्तर उत्तर आहे असें वाचकांनीं समजावें.

अमेरिकेचा मतदार ज्या दिवशीं मत देतो त्या दिवशीं, कायद्याच्या दृष्टीनें पाहतां, तो राष्ट्राध्यक्षास मत देतच नाहीं. तो आपल्या राज्यांतील कांहीं निर्वाचकांस मत देतो, आणि हे निर्वाचक पुढें डिसेंबरांत राष्ट्राध्यक्ष निवडतात. एखाद्या राज्यास निर्वाचक किती, तर त्याचे प्रतिनिधिगृहांत जितके सभासद असतील तितके, अधिक सीनेटचे दोन. राजधानीच्या जिल्ह्यास १९६१ सालच्या घटनादुरुस्तीनें तीन मिळाले. एकूण ५३८, पैकीं २७० ज्याच्या पदरांत पडतील तो राष्ट्राध्यक्ष. मेन व नेब्रास्का हीं दोन राज्यें सोडलीं तर बाकी सर्वत्र रिवाज असा कीं, राज्यांत ज्याचें एक मत अधिक त्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक.

ही तऱ्हा कशी निघाली? १७८७ सालच्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फियास घटना लिहावयास बसलेल्या मंडळींत जेम्स विल्सन यानें लोकांनींच अध्यक्ष निवडावा असें आरंभींच सुचविलें होतें. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांस हें इतकें विपरीत वाटलें कीं, हें म्हणजे आंधळ्यास रंगांची परीक्षा करावयास सांगण्यासारखें आहे अशा अर्थाचें ते बोलले. देश अफाट, वाटा बिकट, वर्तमानपत्रें तुटपुंजीं; दूरच्या उमेदवाराची लायकी सामान्य माणसास कळावी कशी, हा त्यांचा मुद्दा. त्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें म्हणवत नाहीं. परंतु खरी अडचण जेम्स मॅडिसन यानें बोलून दाखविली. लोकांनीं निवड करावी हेंच उत्तम, असें कबूल करून तो म्हणाला कीं, दक्षिणेकडील राज्यांस त्यांत तोटा आहे; कारण तेथील रहिवाशांपैकीं कितीतरी लोक गुलाम होते आणि गुलामास मत नव्हतें. सरळ मतमोजणी केली तर दक्षिणेचें वजन घटणार. निर्वाचकांची युक्ति काढल्यानें ही अडचण नाहींशी झाली, कारण प्रतिनिधिगृहांतील जागा ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब आधींच मान्य झाला होता, आणि तोच हिशेब निर्वाचकांच्या संख्येंतहि आपोआप उतरला. ज्या माणसास मत नाहीं, त्याच्या डोक्याची तीन-पंचमांश किंमत त्याच्या मालकाच्या राज्याच्या पारड्यांत! पहिल्या छत्तीस वर्षांपैकीं बत्तीस वर्षें अध्यक्षपद व्हर्जिनियाच्या पुत्रांकडे राहिलें. वॉशिंग्टन, जेफर्सन, मॅडिसन, मन्रो हे चौघेहि कर्तृत्ववान् होते हें खरें. तरी १८०० सालीं जेफर्सन यास जीं ७३ मतें मिळालीं त्यांतून गुलामांचा हिशेब वजा केला तर विजय ॲडम्सचा झाला असता, असें अनेक इतिहासकारांचें गणित आहे.

हॅमिल्टनची अपेक्षा अशी कीं, निर्वाचक हे आपापल्या राज्यांतील विचारी, जाणते गृहस्थ असतील; ते शांतपणें बसून देशांतील सर्वांत योग्य पुरुष हुडकून काढतील. ही अपेक्षा पंधरा वर्षेंहि टिकली नाहीं. पक्ष निघाले, आणि निर्वाचक हा पक्षाचा शिक्का झाला. १८०० सालीं तर जेफर्सनच्या पक्षाचे निर्वाचक इतके आज्ञाधारक निघाले कीं, अध्यक्षपदाचा उमेदवार जेफर्सन व उपाध्यक्षपदाचा उमेदवार बर या दोघांसहि बरोबर ७३-७३ मतें पडलीं आणि पेंच सोडविण्यास प्रतिनिधिगृहास छत्तीस वेळां मतें घ्यावीं लागलीं. मग १८०४ सालीं घटना दुरुस्त करून दोन पदांसाठीं निरनिराळीं मतें ठेविलीं. म्हणजे ज्या स्वतंत्र विवेकासाठीं हा मधला मनुष्य निर्माण केला होता तो विवेक गेला, आणि केवळ त्याचें गणित मागें राहिलें. २०२० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानेंहि निर्णय दिला कीं, निर्वाचकानें ठरलेल्याच उमेदवारास मत द्यावें अशी सक्ति राज्यास करतां येते.

२०२४ पर्यंत अमेरिकेंत अध्यक्षपदाच्या साठ निवडणुका झाल्या. त्यांपैकीं पांच खेपांस लोकमतांत मागें पडलेला गृहस्थ अध्यक्ष झाला. १८२४ सालीं अँड्र्यू जॅक्सन यास लोकांचीं मतेंहि अधिक व निर्वाचकहि अधिक (९९) होते; परंतु निर्भेळ बहुमत नसल्यानें निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली व ८४ निर्वाचकांचा जॉन क्विन्सी ॲडम्स अध्यक्ष झाला. १८८८ सालीं क्लीव्हलंड लोकमतांत पुढें असून हॅरिसन निवडून आला. २००० सालीं गोर यास देशभर सुमारें ५ लक्ष ४४ हजार मतें अधिक पडलीं. फ्लॉरिडांत ५३७ मतांनीं मागें पडल्यानें अध्यक्षपद बुश यांस मिळालें. २०१६ सालीं श्रीमती क्लिंटन यांस २८ लक्षांहून अधिक मतांची आघाडी असतांहि ट्रंप यांचे निर्वाचक ३०४ व त्यांचे २२७. २०२४ सालीं ट्रंप यांस दोन्ही मापांनीं अधिक मिळालें, म्हणून आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांस "या खेपेला" असें म्हटलें.

पांचांपैकीं एक खेप आम्हीं मुद्दाम मागें ठेविली, कारण तिच्यांत केवळ उमेदवार हरला नाहीं. १८७६ सालीं टिल्डन यास लोकमताचें स्पष्ट बहुमत होतें व निर्वाचक १८४. बहुमतास एक कमी. वीस निर्वाचकांविषयीं वाद होता. ते बहुतेक फ्लॉरिडा, लुइझियाना व दक्षिण कॅरोलिना येथले. पंधरा जणांचें एक मंडळ नेमलें गेलें आणि त्यानें आठ विरुद्ध सात अशा मतांनीं वीसचे वीस निर्वाचक हेज यास दिले. १८५ विरुद्ध १८४. या निकालाविरुद्ध दक्षिणेंतील पुढाऱ्यांनीं बंड पुकारलें नाहीं याचें कारण पडद्याआडचा सौदा, असें मानतात. तें कसेंहि असो. हेज अधिकारावर येतांच १८७७ च्या एप्रिलांत दक्षिण कॅरोलिना व लुइझियाना येथील राजगृहांभोंवतालची मध्यवर्ती सरकारची फौज उठली. गुलामगिरींतून सुटलेल्या निग्रो मतदारांस त्या फौजेचाच काय तो आधार होता. पुढें मारहाण, मतकर, साक्षरतेच्या खोट्या परीक्षा यांनीं त्यांचें मत हिरावून घेतलें गेलें, आणि तें परत मिळण्यास १९६५ सालचा मताधिकाराचा कायदा व्हावा लागला. मोजणीच्या भांडणांत ज्यांचा वाद नव्हता त्यांचेंच सर्वस्व गेलें. निवडणुकीची पद्धति हा वकिलांच्या कीस काढण्याचा विषय आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हीं अठ्ठ्याऐंशी वर्षें डोळ्यांपुढें आणावीं.

आजचें माप पाहूं. २०२० च्या जनगणनेंत वायोमिंग राज्याची वस्ती ५ लक्ष ७७ हजार भरली; निर्वाचक तीन. कॅलिफोर्नियाची वस्ती ३ कोटि ९५ लक्ष, निर्वाचक चोपन्न. म्हणजे वायोमिंगमध्यें १ लक्ष ९२ हजार माणसांमागें एक निर्वाचक, आणि कॅलिफोर्नियांत ७ लक्ष ३२ हजारांमागें एक. परंतु यावरून वायोमिंगचा शेतकरी मोठा भाग्यवान् असें कोणी समजूं नये. तेथला निकाल आधींच ठाऊक असल्यानें त्याच्या दारीं कोणी उमेदवार फिरकत नाहीं. कॅलिफोर्नियांत येतात ते वर्गणीसाठीं येतात. उमेदवारांची खरी धांव पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा ज्या पांचसात राज्यांत पारडें हलतें राहतें तेथें असते. छोट्या राज्यांचें रक्षण होतें हा जो या पद्धतीचा नेहमींचा कैवार आहे तो आम्हांस म्हणूनच फारसा पटत नाहीं. रक्षण होतें तें अनिश्चित राज्यांचें. १९६९ सालीं प्रतिनिधिगृहानें ही पद्धति मोडून सरळ लोकमतानें निवड करावी असा ठराव प्रचंड बहुमतानें संमत केला होता. पुढच्या वर्षीं सीनेटमध्यें लांबण लावून तो मारला गेला.

येथवर आलों म्हणजे आमच्याकडील सुशिक्षितास एक प्रकारचें समाधान वाटूं लागतें कीं, पाहा, एवढें पुढारलेलें राष्ट्र, पण आंत काय आहे! हें समाधान फार स्वस्त आहे. मामांनीं तो प्रश्न ज्या भूमीवर बसून विचारला, त्या भूमीचाच इतिहास थोडा पाहूं.

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. जुनीं माणसें त्या काळास मोगलाई म्हणत. आमचे आजोबा त्या मोगलाईंत वाढले आणि वयाचीं चाळीस वर्षें उलटेपर्यंत त्यांनीं एकदांहि मत दिलें नव्हतें. १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूर येथें भरलें. परतूर तेव्हां परभणी जिल्ह्यांतच होतें. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी अशी कानांवर येऊं लागली तेव्हां त्याच वर्षीं दरबारानें दिवाणबहादूर अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली, आणि तिच्या अहवालावरून १९३९ च्या जुलैंत राजकीय सुधारणा जाहीर झाल्या. त्या सुधारणा आज कोणी वाचीत नाहीं. आमच्या मतें वाचाव्या. कारण फिलाडेल्फियाच्या मंडळींनीं जें कचरत कचरत केलें तें येथें उघड तत्त्व म्हणून मांडलेलें आहे.

पहिली गोष्ट, प्रतिनिधित्व गांवाचें किंवा तालुक्याचें नव्हे, धंद्याचें. जहागीरदार, शेतकरी, व्यापारी, कारखानदार, कामगार, वकील, डॉक्टर, पदवीधर अशा वर्गवारीनें सभासद यावयाचे. येलदरीचा मनुष्य येलदरीचा रहिवासी म्हणून कोठेंच मोजला जावयाचा नव्हता. तो मोजला गेलाच तर कोणत्यातरी खात्यांतील एक नग म्हणून. दुसरी गोष्ट, निर्वाचित सभासद निम्म्यांहून कमी, बाकीचे सरकारनियुक्त. तिसरी, हिंदु व मुसलमान यांस समसमान जागा. १९४१ च्या जनगणनेप्रमाणें राज्याची वस्ती १ कोटि ६३ लक्ष होती व तींत ऐंशीं टक्क्यांहून अधिक हिंदु होते. आणि या सर्वांच्या मुळाशीं जें तत्त्व सांगितलें होतें तें असें कीं, राज्याचा प्रमुख हा स्वतःच आपल्या प्रजेचा साक्षात् प्रतिनिधि असून आज येणाऱ्या व उद्यां जाणाऱ्या निवडलेल्या सभासदांपेक्षां त्याचें प्रजेशीं असलेलें नातें अधिक स्वाभाविक व टिकाऊ असतें. म्हणून मंत्रिमंडळ विधिमंडळास जबाबदार असण्याचें कारण नाहीं. मधला मनुष्य नको म्हणून राजानेंच तें काम पत्करलें, असा हा युक्तिवाद!

त्यांतहि या सुधारणा युद्धाच्या सबबीवर वर्षानुवर्षें लांबल्या, आणि १९४६ सालीं त्यांचें घोडें एकदांचें पुढें सरकलें तेव्हां स्टेट काँग्रेसनें त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. पुढचा इतिहास, स्वामी रामानंद तीर्थांचें नेतृत्व, रझाकारांचा धुमाकूळ व १७ सप्टेंबर १९४८, मराठवाड्यांत घरोघरीं ठाऊक आहे. १९५२ च्या आरंभीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठीं परभणी जिल्ह्यांतील शेतकरी, मजूर, कोमटी, मांग, मुसलमान विणकर आणि त्या सर्वांच्या बायका एकाच तऱ्हेची मतपत्रिका घेऊन पेटीपाशीं गेल्या. आमच्या आजी सांगत कीं, त्या दिवशीं त्यांनीं नवें लुगडें नेसलें होतें. अलाबामाच्या निग्रो शेतमजुरास निर्वेध मत मिळण्यास अद्याप तेरा वर्षें अवकाश होता.

हैदराबादचें हें प्रकरण चालू असतांच, किंबहुना तें निकालांत निघून तीन महिने झाले नाहींत तोंच, दिल्लीस घटनासमितींत हाच प्रश्न निघाला. १९४८ च्या डिसेंबरांत प्रा. के. टी. शहा यांनीं सूचना मांडली कीं, भारताचा राष्ट्रपति प्रौढ मतदारांनीं सरळ निवडावा. त्यास डॉ. आंबेडकरांनीं दिलेलें उत्तर आम्हांस या सगळ्या वादाची किल्ली वाटतें. मतदारांची संख्या अफाट, ती निवडणूक चालविण्यास माणसें कोठून आणावयाचीं, हीं कारणें त्यांनीं सांगितलींच. परंतु मुख्य कारण असें कीं, आपला राष्ट्रपति इंग्लंडच्या राजासारखा नामधारी आहे. कारभार मंत्रिमंडळ चालविणार, मग नामधारी पदासाठीं एवढा खटाटोप कशास? या उत्तरांतून उलट बाजूनें जें निघतें तें मोलाचें आहे. पद नामधारी असेल तर मधला मनुष्य चालतो. पद अधिकाराचें असेल, आणि तो अधिकार चार वर्षें कोणासहि काढून घेतां येत नसेल, तर मतदार व तें पद यांच्यामध्यें दुसरें कोणी उभें करण्याचें कारण काय? अमेरिकेच्या अध्यक्षाइतकें अधिकाराचें लोकनियुक्त पद पृथ्वीवर क्वचित् असेल, आणि नेमकें त्याच्याच दारापाशीं हा पडदा लावलेला आहे.

शहांची सूचना फेटाळली गेली. १९५२ सालीं ते त्याच पद्धतीनें, ज्या पद्धतीस त्यांचा विरोध होता तिच्याच नियमांनीं, राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले. ५,०७,४०० विरुद्ध ९२,८२७ अशा मतमूल्यांनीं पडले. हे आंकडे कांहींसे चमत्कारिक दिसतात, कारण मत देणारे सभासद चार-पांच हजारच होते. आपल्या निर्वाचक मंडळाचा हिशेब असा कीं, विधानसभेच्या प्रत्येक सभासदाच्या मतास त्या राज्याच्या लोकवस्तीप्रमाणें वजन द्यावयाचें. महाराष्ट्राच्या सभासदाचें मत १७५, सिक्कीमच्या सभासदाचें ७. लहान राज्यास येथें जास्तीचें कांहीं मिळत नाहीं, आणि या बाबतींत आमची व्यवस्था अमेरिकेपेक्षां न्याय्य आहे असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. संकोच दुसऱ्या गोष्टीचा वाटतो. हे १७५ १९७१ च्या जनगणनेवरून आलेले आहेत. तेव्हां महाराष्ट्राची वस्ती ५ कोटि ४ लक्ष होती. २०११ सालीं ती ११ कोटि २३ लक्ष भरली. नव्या आंकड्यानें हिशेब केला तर जिंतूरच्या आमदाराचें मत ३९० व्हावें. ज्या राज्यांनीं लोकसंख्येस आळा घातला त्यांचें नुकसान होऊं नये म्हणून घटना दुरुस्त करून जुना आंकडा गोठविलेला आहे, आणि त्या कारणांत न्यायहि आहे; परंतु १९७१ नंतर वाढलेला मनुष्य त्या मोजणींत नाहीं हें सत्य त्यानें पुसलें जात नाहीं.

आमच्या या मंडळानें एकदांच काय तो स्वतःच्या विवेकाचा झटका दाखविला. १९६९ सालीं वराहगिरि वेंकटगिरि, संजीव रेड्डी व आपले चिंतामणराव देशमुख असे तीन प्रमुख उमेदवार होते. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं अर्थमंत्रिपद सोडून आलेले देशमुख. त्यांच्याविषयीं महाराष्ट्रास जिव्हाळा होता. त्यांस १,१२,७६९ मतमूल्यें मिळून ते तिसरे आले. पहिल्या पसंतींत गिरि यांस ४,०१,५१५ व रेड्डी यांस ३,१३,५४८ असतां कोणासहि बहुमत नव्हतें. दुसऱ्या पसंतीचीं मतें मोजलीं, त्यांत रेड्डी बरेच जवळ आले, तरी अखेर ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशानें गिरि निवडून आले. काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारास काँग्रेसच्याच सभासदांनीं पाडलें. अमेरिकेंत निर्वाचकानें असें केलें तर त्यास विश्वासघातकी म्हणतात. येथें त्यास सदसद्विवेकाचा कौल म्हटलें गेलें. दोन्ही नांवांत थोडथोडी अतिशयोक्ति आहे. तरी फरक हा कीं, १९६९ सालीं ज्या आमदारानें मत दिलें तो दुसऱ्या दिवशींहि आपल्या तालुक्यांतच होता आणि पुढच्या निवडणुकीस त्यास त्याच मतदारांच्या दारीं जावयाचें होतें. अमेरिकेचे निर्वाचक डिसेंबरांत एक दिवस आपापल्या राज्याच्या राजधानींत जमतात, सह्या करतात आणि त्याच संध्याकाळीं निर्वाचक म्हणून संपतात. ते सगळे एकत्र असे कधींच बसत नाहींत. त्यांचीं नांवें त्यांच्या शेजाऱ्यांसहि बहुधा ठाऊक नसतात.

हीच गोष्ट आम्हीं हॉटेलांत मामांस सांगितली तेव्हां ते म्हणाले, "म्हंजी आमच्या सरपंचाच्या निवडीसारखंच झालं की." आणि मग जें ऐकावयास मिळालें तें आमच्या पुस्तकांत नव्हतें.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणें गांवकरी सदस्य निवडीत व सदस्य आपल्यांतून सरपंच निवडीत. २०१७ सालीं सरकारनें हा नियम बदलून सरपंच सरळ गांवानें निवडावा असें ठरविलें. पुढें दुसरें सरकार आलें व त्यानें २०२० सालीं निवड पुन्हां सदस्यांकडे दिली. २०२२ सालीं तिसरें आलें आणि पुन्हां गांवाकडे. पांच वर्षांत तीन कायदे! अमेरिकेस सव्वादोनशें वर्षांत जो फेरफार करतां आला नाहीं तो आम्हीं पांच वर्षांत तीनदां केला, हें कौतुक करण्यासारखें आहे कीं नाहीं हें आम्हांस सांगवत नाहीं. प्रत्येक वेळीं कारण लोकशाहीचेंच दिलें जाई, आणि प्रत्येक वेळीं ज्यास जी पद्धति सोयीची ती त्यानें आणली असा लोकांचा समज होता.

मामा जुन्या पद्धतींत एकदां सदस्य झाले होते. गांवाचें नांव आम्ही घेत नाहीं. "निवडीच्या आठ दिस आधी गाडी आली. म्हणले, चला तिरुपतीला. पाच जण होतो. मोबाइल काढून घेतले. देव बघितला, परत आलो ते सरळ निवडीच्या खोलीत. हात वर केला, झालं." "मग गांवानें विचारलें नाहीं?" "इचारलं की. वर्षभर कुणी धड बोललं न्हाई. पुढच्या खेपेला पाडलं." आम्हांस १८०० सालचे आज्ञाधारक निर्वाचक आठवले, मात्र त्यांस कोणी पाडल्याचें ऐकिवांत नाहीं.

सरळ निवडीचे गुण मामांनीं गाइले असते तर आमचें काम सोपें झालें असतें. तसें झालें नाहीं. नव्या पद्धतींत त्यांच्या गांवीं सरपंच एका गटाचा आला व सदस्यांचें बहुमत दुसऱ्या गटाचें. दीड वर्ष एकहि ठराव धड होईना. पाण्याच्या टाकीचें काम अर्धवट पडून होतें. सरपंचास काढावें तर कायद्यानें तेंहि सोपें ठेविलेलें नाहीं. सदस्यांनीं तीन-चतुर्थांश मतांनीं अविश्वास दाखविला तरी तो पुढें ग्रामसभेच्या गुप्त मतदानानें मान्य व्हावा लागतो. अमेरिकेंत अध्यक्ष एका पक्षाचा व प्रतिनिधिगृह दुसऱ्या पक्षाचें झालें कीं अंदाजपत्रक अडकून सरकारी कचेऱ्यांस कुलुपें लागतात, तेंच हें लहान प्रमाणावर. आमचें स्वतःचें मत विचाराल तर, ज्याच्या सहीनें गांवाचा पैसा खर्च होतो त्यास गांवानेंच निवडावें व गांवानेंच काढावें. अर्धवट टाकीची किंमत त्यासाठीं द्यावी लागते हें कबूल करून आम्ही हें म्हणतों. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री यांची गोष्ट निराळी, कारण ज्या सभासदांनीं त्यांस निवडलें ते कोणत्याहि दिवशीं त्यांस खालीं ओढूं शकतात. तेथेंहि मतांचें माप कांहीं सरळ नाहीं: १९५२ पासून आजवर कोणत्याहि एका पक्षास लोकसभेच्या निवडणुकींत निम्मीं मतें मिळालेलीं नाहींत, आणि २०१४ सालीं ३१ टक्के मतांवर भारतीय जनता पक्षाच्या २८२ जागा आल्या.

हें सर्व आम्हीं मामांस सांगितलें असें नव्हे. तेवढ्यांत प्रचाराची एक गाडी कर्णा वाजवीत आली, हॉटेलापुढें थांबली, आणि तींतून उतरलेल्या तरुणानें बांकावरील प्रत्येकाच्या पायांस हात लावला. आमच्याहि लावला, आम्ही त्या मतदारसंघाचे नसतांना. मामांनीं त्यास थांबवून विचारलें, "कॅनॉलला पाणी कधी सोडणार?" त्यानें कोणत्यातरी साहेबांचें नांव सांगितलें व तारीख विचारून कळवितों म्हणाला. मामांनीं त्याचा मोबाइल नंबर मागितला, आणि चष्मा नसल्यानें तो आम्हांस लिहून द्यावयास सांगितला. आम्हीं तो त्यांच्या पिशवींतील वीजबिलाच्या मागच्या बाजूस मोठ्या अक्षरांत लिहून दिला. इतक्यांत जिंतूरची गाडी आली.